परदेशी चारिका : शालेय विद्यार्थ्यांच्या अभ्यास व सेवा सहलींविषयी

माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांनी परदेशी जावे काय, गेल्यास कशासाठी जावे आणि त्याचा खर्च कोणी सोसावा, हे प्रश्न आता केवळ शहरातील श्रीमंत शाळांचे राहिलेले नाहीत. निवासी शाळांच्या पालकसभांतही ते विचारले जाऊ लागले आहेत. काही पालकांना हा नसता थाट वाटतो, तर काहींना आपले मूल मागे पडेल अशी धास्ती वाटते. अनेक माजी विद्यार्थी नोकरी-व्यवसायानिमित्त दुबई, लंडन, सिंगापूर पाहून आलेले असतात आणि शाळेच्या मुलांसाठी आपण काही करावे, असे त्यांच्या मनात असते. या तिघांनाही एकत्र विचार करता यावा, यासाठी या विषयाची थोडी सविस्तर मांडणी येथे करीत आहे.

या किनाऱ्याला परदेश नवा नाही

रायगडचा किनारा दोन हजार वर्षांपासून परदेशाच्या ओळखीचा आहे. अलिबागजवळचे चौल म्हणजे प्राचीन चेमुल. ग्रीक-रोमन लेखकांना हे बंदर ठाऊक होते आणि तेथील दायकांची नावे कान्हेरीच्या शिलालेखांत आढळतात. राजपुरीच्या खाडीच्या वरच्या अंगाला, मांदाडजवळ, कुडा येथे २६ लेण्यांचा समूह आहे. तेथील ब्राह्मी लेखांत महाभोजांच्या घराण्यातील व्यक्तींबरोबरच माळी, वैद्य, सार्थवाह आणि कऱ्हाडहून आलेला लोखंडाचा व्यापारी यांचीही दाने कोरलेली आहेत. दान ही केवळ राजाने करावयाची गोष्ट नव्हती, हे त्या भिंती आजही सांगतात.

महावंस या सिंहली ग्रंथात सम्राट अशोकाच्या काळी निरनिराळ्या प्रदेशांत पाठविलेल्या धम्मप्रचारकांची यादी आहे. त्यात अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत, आलेल्या भिक्खूचे नाव योनक धम्मरक्खित असे दिले आहे. योनक म्हणजे यवन, ग्रीक वंशाचा. या परंपरेनुसार धम्म शिकविण्यासाठी आपल्याकडे आलेला पहिला आचार्यच परदेशी वंशाचा होता. ज्ञान कोणत्या दिशेने वाहावे, याला सीमा नसते, याचा याहून जवळचा दाखला आपल्याला शोधावा लागणार नाही.

प्रवास या शब्दाचा आपल्या घरातील अर्थ

मात्र प्रवासाचा आपल्या समाजातील इतिहास व्यापारी तांड्यांच्या इतिहासाहून वेगळा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींच्या एका छोट्या पुस्तिकेला ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ असे नाव दिले. त्यातील पहिलीच आठवण १९०१ सालची, मुलांनी केलेल्या प्रवासाची आहे. साताऱ्याहून ही मुले बाबासाहेबांच्या वडिलांकडे गोरेगावला निघाली होती. अंगावर नवे कपडे होते, रेल्वेचा प्रवास होता, मुलांना आनंद झाला होता. मसूर स्थानकावर उतरल्यावर जात कळली आणि गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे कबूल करून, गाडी मुलांनीच हाकावी आणि गाडीवानाने पायी चालावे, असे ठरले. जवळ शिदोरी होती, पण रात्रभर पाणी मिळाले नाही. त्याच पुस्तिकेत १९३४ सालच्या एका सहलीचीही हकिकत आहे. सुमारे तीस कार्यकर्ते बाबासाहेबांसह वेरूळची लेणी पाहण्यास निघाले असता वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर त्यांना टाक्याच्या पाण्यावरून अडविण्यात आले.

शीर्षकातील व्हिसा हा शब्द म्हणूनच जिव्हारी लागतो. स्वतःच्याच देशात, आपल्याच जिल्ह्यात ज्यांना परवानगीवाचून पाणी पिता येत नव्हते, त्यांच्या नातवंडा-पणतवंडांच्या हाती आज पासपोर्ट येऊ शकतो. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी ओंजळभर पाणी प्राशन केले गेले, तो याच जिल्ह्यातील प्रवासाचा एक टप्पा होता. तेव्हा आपल्या मुलांची परदेशी सहल हा थाट आहे काय, या प्रश्नाचे उत्तर देताना हा इतिहास नजरेआड करता येणार नाही. त्याच इतिहासामुळे ती सहल नुसती मौज म्हणून उरकताही येणार नाही.

शिष्यवृत्तीबरोबर आलेली अट

शिक्षणासाठी सीमा ओलांडणाऱ्यांपैकी दोन मराठी व्यक्तींचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. दोघेही प्रौढ वयात गेले, शालेय वयात नव्हे. तरीही त्यांच्या प्रवासातून आपल्याला एक नियम मिळतो.

धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली गोव्यातील साखवाळ येथे झाला. औपचारिक शिक्षण अगदी बेताचे. बुद्धाविषयी जाणून घेण्याच्या ओढीने त्यांनी १८९९ साली घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असा प्रवास करीत ते १९०२ साली सिंहलद्वीपात पोहोचले आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांकडे पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशात गेले. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी त्यांना दरमहा ५० रुपयांचे साहाय्य दिले, ते एका अटीवर : महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहून द्यावे. त्यानंतर हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथांच्या संपादनासाठी ते चार वेळा अमेरिकेला गेले.

त्याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ च्या जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. महिन्याला साडेअकरा पौंड आणि परतल्यावर संस्थानची दहा वर्षे नोकरी, असा करार होता. नोकरीसाठी ते १९१७ साली बडोद्यास गेले, तेव्हा एवढ्या शिकलेल्या माणसालाही तेथे राहण्यास जागा मिळाली नाही आणि ती नोकरी त्यांना सोडावी लागली. पण बडोद्याच्या दरबारापेक्षा कितीतरी मोठ्या समाजाला त्यांनी त्या शिक्षणाची परतफेड केली. १९४५ साली त्यांनी स्थापन केलेली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ चे सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादेत सुरू झालेले महाविद्यालय ही त्या परतफेडीचीच रूपे आहेत.

यातून निघणारा नियम असा : दुसऱ्याच्या पैशाने केलेला प्रवास हे ऋण असते आणि ते न गेलेल्यांना फेडावयाचे असते. शालेय सहलीलाही हा नियम लागू केला, तरच ती आपल्या शाळेला शोभेल. पुढील सर्व विचार याच एका कसोटीवर मांडला आहे.

आज उघडलेल्या वाटा

ऐपत नसलेल्या घरातील शालेय मुलांसाठी परदेशाच्या वाटा आज अगदीच बंद नाहीत. पुणे जिल्हा परिषदेने आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या साहाय्याने सहावी-सातवीच्या विद्यार्थ्यांच्या टप्प्याटप्प्याने चाचण्या घेतल्या आणि २०२५ साली जिल्हा परिषद शाळांतील २५ विद्यार्थ्यांची अमेरिकेतील नासाच्या भेटीसाठी, तर ५० जणांची इस्रोच्या भेटीसाठी निवड केली. जपानच्या विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेचा साकुरा सायन्स हा कार्यक्रम २०१४ पासून चालू असून त्यातून भारतातील शालेय विद्यार्थीही जपानला जाऊन आले आहेत. पुढील टप्प्यावर, पदव्युत्तर शिक्षणासाठी, राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती या योजना आहेत. दहावीतल्या मुलाला या योजनांचा लगेच उपयोग नसला, तरी त्या आहेत हे त्याला त्या वयातच कळणे महत्त्वाचे आहे. शाळेतील फलकावर ही माहिती कायम लावलेली असावी.

या वाटांवर निवड मात्र मोजक्यांचीच होते. संपूर्ण वर्गाला परवडेल आणि शाळेला स्वबळावर आखता येईल, असा परदेश आपल्याला नेपाळच्या रूपाने उपलब्ध आहे.

लुंबिनी : जवळचा परदेश

भगवान बुद्धांनी श्रद्धावंतांनी पाहावीत म्हणून सांगितलेल्या चार स्थळांपैकी तीन भारतात आहेत आणि पहिले, जन्मस्थळ, नेपाळात आहे. पनवेलहून गोरखपूरला थेट रेल्वे जाते. दीड दिवसाचा प्रवास आहे. गोरखपूरहून सुनौलीची सीमा सुमारे ९० किलोमीटर आणि तेथून लुंबिनी सुमारे २५ किलोमीटर. परतीच्या वाटेवर गोरखपूरपासून ५० किलोमीटरवर कुशीनगर आहे. म्हणजे जन्मस्थळ व महापरिनिर्वाणस्थळ एकाच सहलीत पाहता येते.

भारतीय नागरिकांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. प्रौढांजवळ पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र असावे लागते. पंधरा वर्षांखालील मुलांसाठी वय व ओळख पटविणारा छायाचित्रासह पुरावा पुरतो आणि १५ ते १८ वयोगटासाठी मुख्याध्यापकांनी विहित नमुन्यात दिलेले ओळखपत्र चालते. निघण्यापूर्वी हे नियम आणि भारतीय चलनी नोटांविषयीचे नेपाळचे निर्बंध पुन्हा तपासून घ्यावेत.

लुंबिनीत पाहण्यासारखे पुष्कळ आहे. अशोकस्तंभ १८९६ साली उजेडात आला. राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी अशोकाने स्वतः येथे येऊन वंदन केले आणि गावाचा कर कमी केला, अशी नोंद त्यावर आहे. हे स्थळ १९९७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत आहे. परिसराचा आराखडा जपानी वास्तुविशारद केंझो तांगे यांनी तयार केला असून, मधल्या कालव्याच्या एका बाजूस थेरवादी व दुसऱ्या बाजूस महायानी देशांचे विहार उभे आहेत. एकाच दिवसात म्यानमार, थायलंड, चीन, कोरिया अशा देशांची वास्तुकला मुलांना पायी फिरून पाहता येते.

पण तयारी घरूनच व्हावयास हवी. सहलीच्या आधी मुलांना ब्राह्मीची मुळाक्षरे शिकवावीत आणि कुडा लेण्यांतील लेख वाचावयास लावावेत. महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांचीही भेट घडवावी. ज्या मुलीने मांदाडच्या खाडीकाठी ‘दान’ हा शब्द स्वतः लावून वाचला आहे, तिला लुंबिनीच्या स्तंभावरील अक्षरे परकी वाटणार नाहीत. अशी तयारी नसेल तर स्तंभासमोर काढलेले एक छायाचित्र एवढीच त्या दीड दिवसांच्या प्रवासाची कमाई ठरेल.

सेवा आणि तिचे धोके

परदेशी सहलीला सेवाकार्याची जोड द्यावी, असा प्रघात जगभर पडला आहे. इंग्लंड-अमेरिकेतील शाळांची मुले आशिया-आफ्रिकेत येतात, भिंती रंगवितात, मुलांना शिकवितात, परत जातात. हेतू चांगला असतो, पण परिणाम नेहमीच चांगला असतो असे नाही. नेपाळ व कंबोडियात तर याचे विदारक रूप दिसले. पाहुण्यांच्या देणग्या मिळाव्यात म्हणून आईवडील हयात असलेल्या मुलांना अनाथ म्हणून अनाथालयांत ठेवल्याची प्रकरणे उघडकीस आली. म्हणून आपल्या सहलीत अनाथालयभेट हा कार्यक्रम असूच नये.

ही गोष्ट निवासी शाळेतल्या मुलांना समजावून सांगावी लागत नाही. पाहुणे आले, रांगेत उभे राहिलो, खाऊ घेतला, छायाचित्र निघाले, हा अनुभव वसतिगृहात वाढलेल्या अनेकांच्या गाठीशी असतो. खाऊ गोड लागतो, पण छायाचित्रात आपले नाव नसते, हे मुलाच्या ध्यानात येते. ज्याने हा अनुभव घेतला आहे, त्याने दुसऱ्या देशातील मुलाला त्याच रांगेत उभे करू नये. उलट, घेणाऱ्याची प्रतिष्ठा कशी राखावी, हे सांगण्याचा अधिकार आपल्याच मुलांना अधिक आहे.

मग सेवा कशी करावी? तराईतील एखाद्या शाळेशी आधी वर्षभर पत्रव्यवहार ठेवावा. तेथील शिक्षकांना काय हवे ते विचारावे. हिंदीतून संवाद सहज होतो. आपल्या मुलांनी श्रमदान करावयाचे असेल, तर तेथील मुलांबरोबर आणि त्यांच्या शिक्षकांच्या सांगण्यानुसार करावे. कोकणातील खारफुटी, भातशेती, होड्या यांविषयी स्वतः तयार केलेली चित्रे व तक्ते भेट द्यावेत आणि त्यांच्याकडून त्यांच्या शेतीची, सणांची माहिती घ्यावी. दोन्ही बाजूंनी देणे-घेणे झाले, तरच कोणी याचक ठरत नाही. पुढे ऐपत वाढल्यास श्रीलंकेचा विचार करावा. त्यासाठी पासपोर्ट व प्रवासपूर्व इलेक्ट्रॉनिक परवानगी लागते. अनुराधपूरच्या बोधिवृक्षाबरोबरच, २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत उद्ध्वस्त होऊन पुन्हा उभी राहिलेली मच्छीमारांची गावे तेथे आहेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झालेल्या पाहणाऱ्या श्रीवर्धन-मुरूडच्या मुलांना त्या गावांशी बोलण्यासारखे खूप काही असेल.

परदेशी पाहुणे आपल्या शाळेत आले, तरी हीच मर्यादा पाळावी. त्यांच्या मुक्कामाची माहिती २४ तासांत परकीय नागरिक नोंदणी अधिकाऱ्यांना ऑनलाइन कळविणे बंधनकारक आहे. परदेशी नागरिकाने दिलेली देणगी, ती रुपयांत दिली तरी, कायद्याने परदेशी अंशदानच ठरते. त्यासाठी संस्थेची नोंदणी लागते आणि ती रक्कम नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच स्वीकारावी लागते. मुलांची छायाचित्रे पालकांच्या लेखी संमतीशिवाय काढू देऊ नयेत.

कागदपत्रे व सुरक्षितता

पासपोर्टसाठी अल्पवयीन मुलाच्या अर्जासोबत आईवडिलांचे संमतिपत्र जोडावे लागते. अठरा वर्षांखालील मुलांचा पासपोर्ट सामान्यतः पाच वर्षे किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, यांतील जे आधी येईल तोपर्यंत चालतो. खरी अडचण येते ती नावांची. जन्मदाखल्यावर एक आडनाव, शाळेच्या नोंदवहीत दुसरे, आधारवर वडिलांचे नाव अर्धवट, असे प्रकार आपल्याकडे सर्रास आढळतात. वीटभट्टीवर किंवा बोटीवर कामाला जाणाऱ्या पालकांना यासाठी कचेऱ्यांचे खेटे घालणे परवडत नाही. येथे माजी विद्यार्थी पैशांहूनही मोलाची मदत करू शकतात. जे तहसील कार्यालयात, नगरपालिकेत, बँकेत नोकरीस आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस शाळेत बसून मुलांची कागदपत्रे दुरुस्त करून घेण्यास पालकांना मार्गदर्शन केले, तर त्याचा उपयोग सहलीपुरता राहणार नाही. शिष्यवृत्ती, जातपडताळणी, नोकरी, सर्वत्र तीच कागदपत्रे लागतात.

सुरक्षिततेच्या बाबतीत आपल्या किनाऱ्याने एक दारुण धडा पाहिला आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. सहल जितकी दूर, तितकी जबाबदारी मोठी. पालकांची लेखी संमती, प्रत्येक मुलाच्या आजार व औषधांची नोंद, प्रवास विमा, मुलींसोबत शिक्षिका, नदी-समुद्रात उतरण्यास सक्त मनाई आणि दररोज ठरलेल्या वेळी पालकांना निरोप, या गोष्टींत कोणतीही तडजोड नको.

निवड, निधी आणि परतफेड

ज्याचे पालक पैसे भरतील तोच जाईल, असे झाले तर एकाच भोजनगृहात जेवणाऱ्या मुलांत सहल भेद निर्माण करील. यापेक्षा सहल न नेणे बरे. म्हणून खर्च शाळेच्या स्वतंत्र प्रवासनिधीतून व्हावा. पालकांनी यथाशक्ती भर घालावी, पण कोणी किती दिले ते मुलांना कळू नये. कुडा लेण्यांत महाभोजांच्या जोडीला माळ्याचेही दान आहे, हे येथे स्मरावे. निवडीसाठी केवळ गुण न पाहता तयारीच्या वर्षातील काम पाहावे. मुलींची संख्या निम्म्याहून कमी नसावी.

आणि शेवटी परतफेडीविषयी. परतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने तीन गोष्टी कराव्यात, असे सुचवावेसे वाटते. आपल्या गावी, वाडीवर, समाजमंदिरात किंवा विहारात एकदा जाहीरपणे अनुभव सांगावा. शाळेच्या ग्रंथालयासाठी हस्तलिखित प्रवासवृत्त लिहून द्यावे. आणि पुढील वर्षीच्या तुकडीला तयारीत मदत करावी. सयाजीरावांनी कोसंबींकडे वर्षाला एक पुस्तक मागितले होते. आपण मुलांकडे एक वही मागावी. अशा वह्या दहा वर्षे साठल्या, तर जी मुले कधीच सीमा ओलांडू शकणार नाहीत, त्यांच्यापर्यंतही तो प्रवास पोहोचेल.

१९०१ साली मसूरच्या स्थानकावर काही मुलांना गाडी मिळाली नव्हती. आज आपल्या मुलांना गाडी मिळवून देणे आपल्या हाती आहे. गाडीत बसणाऱ्याने फलाटावर राहिलेल्यांना विसरू नये, एवढे मात्र आपण त्यांना शिकविले पाहिजे.